बार्लीच्या क्यूटीएल नकाशात चुका कुठे शिरतात आणि त्या कशा पकडायच्या

बार्लीची गुणसूत्रे सातच, 1एच ते 7एच, आणि पीक स्वपरागी. त्यामुळे क्यूटीएलचा, म्हणजे उंची-उत्पादनासारख्या मोजता येणाऱ्या गुणावर परिणाम करणाऱ्या गुणसूत्रावरच्या जागांचा, नकाशा काढणे सोपे वाटते. फसगत होते ती लेबलांच्या अदलाबदलीत, किंवा एखादे मोठे जनुक बाकी सगळ्यांना झाकून टाकते तेव्हा. सॉफ्टवेअर कुठलेही वापरा, या दोन गोष्टी ते सांगत नाही.

जनक निवडतानाच पहिला निर्णय घ्या. दोन ओळींची ओंबी आणि सहा ओळींची ओंबी असा संकर केलात, तर ओंबीतले दाणे, हजार दाण्यांचे वजन, फुटवे, सगळ्यांचे शिखर (स्कॅनच्या आलेखात गुणाशी सर्वात घट्ट जोडलेली जागा) 2एचवरच्या, ओंबीच्या ओळी ठरवणाऱ्या व्हीआरएस-1 जनुकाशी जाऊन बसेल. उत्पादनाची बारीक जनुके शोधायची असतील तर दोन्ही जनक एकाच ओंबी-प्रकाराचे घ्या.

एफ1 (संकराच्या पहिल्या पिढीच्या) रोपांपासून दुहेरी हॅप्लॉइड (डीएच), म्हणजे एका टप्प्यात पूर्ण शुद्ध झालेल्या, लाइनी मिळवा. परागकोश संवर्धनात बरीच रोपे पांढरी निघतात, म्हणून गरजेपेक्षा जास्त रोपांचा हिशोब धरा. प्रयोगशाळा नसेल तर प्रत्येक रोपाचा एकेक दाणा पुढे नेत एफ6 गाठा. तिथे विषमयुग्मता (जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असणे) साधारण 3 टक्के उरते. लाइनी किमान 150 हव्यात, जमल्यास 200 च्या वर. 70-80 लाइनींवरही शिखर दिसते, पण लहान संचात सांख्यिकीय उंबरठा ओलांडणाऱ्या क्यूटीएलचा परिणाम हमखास फुगलेला असतो.

डीएनए एकाच रोपाच्या कोवळ्या पानातून काढा आणि शेतात पेरायचे बी त्याच रोपापासून वाढवा. डीएनए तपासणीच्या 50के चिपवर सुमारे 44,000 मार्कर (डीएनएवरच्या ओळखीच्या खुणा) असतात. दोन्ही जनकांत सारखे असलेले आणि 10 टक्क्यांहून जास्त नोंदी गहाळ असलेले मार्कर काढा. डीएच लाइनीत 5 टक्क्यांच्या वर विषमयुग्मता दिसली तर तिथे मिसळ आहे, ती लाइन बाद. दोन लाइनी 99 टक्के सारख्या असतील तर एकच ठेवा. दोन जनकांच्या रूपांचे 1:1 प्रमाण बिघडलेला मार्कर मात्र लगेच फेकू नका: शेजारचे मार्करही त्याच बाजूला झुकले असतील तर ते जैविक आहे, एकटाच झुकला असेल तर वाचनाची चूक.

नकाशाची एकूण लांबी 1000-1200 सेंटिमॉर्गनच्या (पुनर्संयोगावरून, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या देवाणघेवाणीवरून मोजलेले अंतर) आसपास यावी. ती 1800 वर गेली तर दोन-तीन सेंटिमॉर्गनच्या आत दिसणारे दुहेरी क्रॉसओव्हर (लागोपाठ दोन देवाणघेवाणी) शोधा. बहुतेकदा एकाच मार्करच्या चुकीच्या नोंदी सापडतात. मार्करांचा क्रम मोरेक्स वाणाच्या संदर्भ जीनोमशी ताडून पाहा. सेंट्रोमिअरजवळ मात्र क्रमावर डोकेफोड करू नका. तिथे पुनर्संयोग जवळजवळ होतच नाही, आणि थोड्याशा सेंटिमॉर्गनमध्ये कोट्यवधी बेस दाबून बसलेले असतात.

आता लेबलांची परीक्षा. जनकांपैकी एक उघड्या दाण्याचा आणि दुसरा सालीच्या दाण्याचा असेल तर हा गुण प्रत्येक लाइनीत नोंदवा आणि आधी त्याचाच नकाशा काढा. शिखर 7एचच्या लांब भुजेवर, सुईसारखे यायला हवे. शिखर जागेवर आहे पण सहा-सात लाइनी शेजारच्या मार्करशी विसंगत आहेत, तर ट्रेमधल्या शेजारच्या पाकिटांची अदलाबदल तपासा. शिखरच नसेल तर नमुन्यांची प्लेट उलटी ठेवली गेली का ते पाहा. हे तपासल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे श्रम वाया.

शेतात दोन वर्षे, दोन-तीन ठिकाणे आणि दोन पुनरावृत्त्या घ्या. पुनरावृत्त्या वाढवण्यापेक्षा ठिकाण वाढवलेले बरे. बार्लीत परागण पुष्कळदा ओंबी पानाच्या आवरणात असतानाच उरकते, म्हणून पिवळे परागकोश पाहून तारीख लिहू नका. निम्म्या रोपांची कुसळे ध्वजपर्णाच्या वर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर दिसली की तो दिवस नोंदवा. उंची मोजताना कुसळे धरू नका.

मिश्र प्रतिमानातून (ठिकाण-वर्षांचा परिणाम वेगळा काढणारी सांख्यिकीय पद्धत) प्रत्येक लाइनीची सरासरी काढा. आनुवंशिकता (गुणातल्या फरकाचा जनुकीय वाटा) 0.4 च्या खाली असेल तर त्या गुणाच्या शिखरांवर विसंबू नका. 1 सेंटिमॉर्गनच्या टप्प्याने स्कॅन करा, आणि एलओडीचा (शिखरामागच्या पुराव्याचे माप) उंबरठा प्रत्येक गुणासाठी 1000 अदलाबदल-चाचण्यांतून (लाइनींच्या गुणनोंदी मुद्दाम सरमिसळ करून केलेले स्कॅन) 5 टक्के पातळीवर ठरवा. सरसकट 3 धरू नका.

उत्पादनाचे शिखर 2एचच्या आखूड भुजेवर आले तर पीपीडी-एच1 या दिवसमानाच्या जनुकाचा संशय घ्या. 3एचच्या लांब भुजेवर आले तर बुटकेपणाचे एसडीडब्ल्यू-1. ते ओंबीही उशिरा आणते. ओंबी येण्याचे दिवस सहचल (ज्याचा परिणाम आधी वजा करायचा तो घटक) म्हणून घालून स्कॅन पुन्हा चालवा. शिखर नाहीसे झाले तर तुम्हाला उत्पादनाचे नव्हे, हंगामाच्या लांबीचे जनुक सापडले आहे. टिकले, तर 1.5 एलओडी घसरणीच्या पट्ट्याच्या (शिखरापासून एलओडी 1.5 ने उतरतो तिथपर्यंतचा भाग) दोन्ही टोकांना केएएसपी मार्कर (डीएनएतला एकेक फरक स्वतंत्रपणे तपासणारे) बनवा आणि वेगळ्या जनकांच्या संकरात तोच परिणाम येतो का ते पाहा.