देव जाणवत नाही? ज्वारीच्या बांधावर जाऊन बसा

सोलापुरात कुठला आलाय निसर्ग म्हणून हसणारे लय भेटतात, आणि मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायला लागलं की मलापण तसंच वाटतं. पण देव जाणवायला महाबळेश्वरच गाठायला पाहिजे असं काय नाही, आपल्या माळावरपण जाणवतो, सवय मात्र लावावी लागते.

आधी मोबाईल गाडीच्या डिकीत टाका. हातात असला की आपण फोटो काढतो, बघत नाही. मग सकाळी उजाडता उजाडता हिप्परग्याच्या तलावावर जा (१८७१ सालचा, बांध माणसानं घातला, पाणी कुणी घातलं ते बघा), नाहीतर नान्नजकडच्या माळावर. तिथं माळढोक (माळावरचा मोठा, दुर्मीळ पक्षी) बघायचाच म्हणून हट्टानं जाऊ नका, हिरमोड होतो. काळवीट दिसतात, आणि चंडोल गात गात वर चढतो, इतका वर की आवाज येत राहतो आणि पक्षी काय दिसत नाही.

डोळे मिटून "देवा जाणव, देवा जाणव" करत बसू नका. मी केलंय, झोप लागली. डोळे उघडे ठेवून एकच गोष्ट धरायची.

मला विचाराल तर थंडीतली ज्वारी धरा. बांधावर उकिडवं बसा आणि एकाच ताटाकडं बघा, खालून वर. बुडाशी काळ्या मातीला बोट जाईल एवढी भेग, पाऊस कधीच गेलेला, पेरलं तेव्हा मातीत होती तेवढ्याच ओलीवर आणि सकाळच्या दवावर हे उभं आहे, आणि वर कणीस दुधात आलंय, दाणा नखानं दाबला की पांढरं येतं. काळी माती ओल धरून ठेवते हे मलापण शाळेत शिकवलंय, तरी तो चीक बोटाला लागला की गप्प व्हायला होतं. झालं तर मग तिथंच थांबा, लगेच अर्थ काढायला जाऊ नका.

आता आभार. "सगळ्याबद्दल थँक्यू देवा" असलं मोघम नको, नाव घेऊन म्हणा, ह्या ओलीबद्दल, ह्या दाण्याबद्दल. मोठ्यानं म्हटलं तरी चालतंय, बांधावर कोण ऐकतंय. माझी खोड अशी की आभार मानता मानता मागणं सुरू व्हायचं, पोराचं ॲडमिशन, गाडीचा हप्ता, म्हणून ठरवून टाकलं, शेतात काय मागायचं नाही, मागायचं ते सिद्धेश्वराच्या देवळात.

ह्यात नवीन काय नाही म्हणा. आपल्याच जिल्ह्यातल्या अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल भेटला. अक्कलकोटकडं वेळ अमावास्येला (मार्गशीर्षातली अमावास्या) आख्खं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच पांडव मांडून पुजतात, आंबील आणि भज्जीचा (पालेभाज्या-शेंगांची मिसळ भाजी) नैवेद्य आधी पिकाला, मग आपण. बोलावणं आलं तर सोडू नका, आणि भज्जी दोनदा घ्या.

शेत नसलं तर कडुलिंब बघा. चैत्रात आपण कूलर काढतो तेव्हा त्याला कोवळी तांबूस पालवी आलेली असते. त्याच्याखाली मातीच्या परळात पाणी ठेवा आणि रोज बदला, आमच्याकडं साळुंख्या दुपारी दोनला येतात आणि परळ कोरडा दिसला तर लय आरडाओरडा करतात.