टायरची हवा, गिझरचा बार, रक्तदाबाचा पारा: दाबाची एकके एकमेकांत कशी बदलावीत

पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरतात ती पीएसआयमध्ये. काही गाड्यांच्या दारावरच्या स्टिकरवर तोच दाब बारमध्ये किंवा किलोपास्कलमध्ये छापलेला असतो. कारखान्यातला फिटर ‘दोन किलो प्रेशर आहे’ म्हणतो, डॉक्टर पाऱ्याचे मिलिमीटर सांगतात आणि हवामान खात्याच्या बातमीत हेक्टोपास्कल येतात. मोजायची गोष्ट मात्र सगळीकडे एकच आहे: ठरावीक क्षेत्रफळावर किती बल पडते. म्हणूनच यातले कुठलेही एकक दुसऱ्यात बदलता येते आणि त्यासाठी एकच छोटी यादी पुरते.

पायरी १: किलोपास्कलची यादी जवळ ठेवा

एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल पडले की दाब होतो एक पास्कल. हे एकक फार लहान आहे, म्हणून व्यवहारात त्याचा हजारपट, म्हणजे किलोपास्कल, सोयीचा पडतो.

१ बार = १०० किलोपास्कल
१ किलो प्रति चौरस सेंटीमीटर (फिटरचा ‘किलो’) = ९८.०७
१ पीएसआय (चौरस इंचावर एक पौंड) = ६.८९५
१ ॲटमॉस्फिअर = १०१.३२५
पाऱ्याचा १ मिलिमीटर = ०.१३३३
पाण्याचा १ मीटर = ९.८०७
१ हेक्टोपास्कल, म्हणजेच १ मिलिबार = ०.१
१ मेगापास्कल = १०००

पायरी २: आधी गुणा, मग भागा

हाती असलेल्या आकड्याला त्याच्या एककाच्या गुणकाने गुणायचे, की किलोपास्कल मिळतात. जे एकक हवे आहे त्याच्या गुणकाने ते भागायचे. बस.

टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे. ३३ × ६.८९५ = २२७.५ किलोपास्कल. बारमध्ये हवे असतील तर १०० ने भागा: २.२८. ‘किलो’मध्ये हवे असतील तर ९८.०७ ने भागा: २.३२. बार आणि ‘किलो’ यांत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक आहे, त्यामुळे टायर किंवा पाण्याच्या पंपापुरते दोन्ही सारखेच धरले तरी चालते. कारखान्यात गेज, म्हणजे दाब मोजायचे उपकरण, प्रमाणित करताना मात्र हे दोन टक्के सोडू नका.

रक्तदाब १२०/८० असेल तर १२० × ०.१३३३ = १६ आणि ८० × ०.१३३३ = १०.७ किलोपास्कल. कुठल्या अहवालात १६/१०.७ असे दिसले तर दचकू नका, तो अगदी नेहमीचा रक्तदाब आहे.

१९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळाच्या केंद्रातला दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. म्हणजे ९१.२ किलोपास्कल. ०.१३३३ ने भागले की पाऱ्याचे सुमारे ६८४ मिलिमीटर येतात. समुद्रसपाटीवर प्रमाण दाब ७६० मिलिमीटर धरतात. ही तफावत डोळ्यांसमोर आणली की तिथला वारा तेवढा का पिसाळला असेल ते समजते.

पायरी ३: आकडा ‘गेज’चा की ‘निरपेक्ष’?

खरी गडबड इथे होते. गुणाकार-भागाकार तर मोबाइलसुद्धा करतो. हा प्रश्न मात्र तो विचारत नाही, तो आपणच विचारायचा.

टायरचे गेज, पंपाचे गेज आणि बीपीचे यंत्र बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त आहे तेवढेच दाखवतात. पंक्चर झालेल्या टायरवर गेज शून्य दाखवते, पण आत बाहेरच्या इतकी हवा असतेच. बाहेरच्या हवेचा दाब धरून जो आकडा येतो तो निरपेक्ष दाब. हवामान खात्याचे आकडे या प्रकारचे असतात.

कुकरचे उदाहरण घ्या. बऱ्याच घरगुती कुकरची शिटी १ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास उचलली जाते. बदलून आले ९८ किलोपास्कल. आता हाच आकडा घेऊन पाण्याचा उत्कलनबिंदू तक्त्यात शोधला तर उत्तर येते साधारण ९९ अंश, म्हणजे उघड्या पातेल्यापेक्षाही कमी! मग डाळ एवढी लवकर शिजते कशी? कारण ते ९८ गेजचे आहेत. मुंबईत त्यात बाहेरचे १०१ मिळवा: सुमारे १९९ किलोपास्कल, आणि पाणी उकळते १२० अंशांच्या आसपास. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटर उंचीवर बाहेरचा दाबच ८६ च्या जवळ असतो, म्हणून आतला निरपेक्ष दाब १८४ वर राहतो आणि उत्कलनबिंदू दोन-अडीच अंशांनी खाली येतो. शिटी तीच, कुकर तोच, तरी तिथे थोडा जास्त वेळ लागतो.

तेव्हा नियम असा: एकक बदलताना फक्त गुणायचे-भागायचे. गेजचा दाब निरपेक्ष करतानाच बेरीज करायची, आणि तीही दोन्ही आकडे एकाच एककात आणल्यावर. उत्कलनबिंदू किंवा तापमानामुळे वायूच्या दाबात पडणारा फरक काढायचा असेल तर निरपेक्ष दाबच लागतो. टायरमध्ये हवा भरायला गेजचा आकडा पुरेसा आहे.

पायरी ४: उत्तर पटते का ते बघा

एकक लहान तर आकडा मोठा. पीएसआय बारपेक्षा बरेच लहान आहे, तेव्हा बारमधून पीएसआयमध्ये जाताना आकडा साधारण साडेचौदा पटींनी वाढलाच पाहिजे. २.३ बारचे उत्तर ३३ ऐवजी ०.१६ आले तर गुणायच्या जागी भागले गेले आहे. घाईत पीएसआयला ७ ने गुणले तरी किलोपास्कल साधारण दीड टक्क्याच्या फरकाने बरोबर येतात.

मेगापास्कल आणि मिलिपास्कल यांच्या इंग्रजी खुणांत फक्त ‘एम’ मोठा की लहान एवढाच फरक असतो, आणि चूक होते ती शंभर कोटी पटींची! गिझरच्या पाटीवर सोसायचा कमाल दाब ०.८ मेगापास्कल लिहिलेला असेल तर तो ८ बार. बांधकामात एम-२० काँक्रीटची ताकद एका चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, म्हणजे बरोबर २० मेगापास्कल.

गच्चीवरच्या टाकीचा दाब

हे गणित घरोघरी उपयोगी पडते. पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंतची उभी उंची मीटरमध्ये मोजा आणि १० ने भागा. येणारे उत्तर म्हणजे ‘किलो’मधला दाब. १२ मीटर खाली असलेल्या नळाला १.२ किलो, म्हणजे ११७.७ किलोपास्कल किंवा १७ पीएसआय. टाकी किती मोठी आहे याने काही बदलत नाही. हजार लिटरची असो वा दहा हजारांची, मोजायची ती उंचीच. पाणी वाहू लागले की पाइपातल्या घर्षणामुळे दाब याहून कमी होतो, तेव्हा हे आकडे नळ बंद असतानाचे समजा.

उंच इमारतीत याचीच दुसरी बाजू दिसते. टाकीपासून ८० मीटर खाली, तळाच्या मजल्यांवर, वाटेत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर ८ किलो, म्हणजे ७.८५ बार दाब येतो. ८ बारच्या गिझरला तो जेमतेम चालेल. ६.५ बारचा गिझर तिथे लावू नका.