कॉलेज सांभाळून मधमाश्या पाळताय? मग या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत कॉलेजची मुलं पेटी ठेवायला लागलीत हे बघून खरंच बरं वाटतं. पण बऱ्याच जणांची पेटी पहिल्याच पावसाळ्यात रिकामी होते आणि मग प्रदूषणाला नाहीतर पेटी देणाऱ्याला दोष दिला जातो. माझं मत असं की बहुतेक वेळा घोळ वेळापत्रकाचा असतो. आपण मोकळे असतो तेव्हा माश्यांचं काही अडत नाही, आणि त्यांना आपण हवे असतो तेव्हा आपली सबमिशनं आणि सेमिस्टर चालू असते. म्हणून आधी वेळेच्या चुका सांगते, बाकीच्या नंतर.

मे महिन्यात पेटी आणणं

परीक्षा संपली, सुट्टी लागली, लगेच पेटी बुक. पण मे संपत आला की आपल्याकडचा फुलोरा उतरणीला लागतो आणि पुढे जून ते सप्टेंबर नुसता पाऊस. येऊर, पारसिक, खारघरचे डोंगर हिरवेगार दिसतात म्हणून आपल्याला वाटतं माश्यांची चंगळ असेल, पण त्यांच्यासाठी हाच उपासमारीचा काळ, धो धो पावसात बाहेर पडता येत नाही आणि फुलातला मकरंदही धुऊन जातो. नवी, लहान वसाहत यात तग धरत नाही. त्यापेक्षा हिवाळी परीक्षा संपली की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणा, म्हणजे पुढे काटेसावर, शेवगा, जांभूळ, करंज असा फुलोरा चढत जातो आणि वसाहतीला भरायला वेळ मिळतो. नारळ तर बारा महिने असतोच. शिकायचं असेल तर पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पेटी आणायच्या आधी तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा.

परीक्षेच्या नादात पेटी फुटणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फुलोरा भरात आला की वसाहत वाढते, जागा कमी पडते, मग माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला लांबोडकी, शेंगदाण्याच्या टरफलासारखी राणीघरं बांधतात. अंड्यापासून नवी राणी बाहेर यायला साधारण 15-16 दिवस लागतात, पण जुनी राणी तेवढी थांबत नाही, राणीघराचं तोंड बंद झालं की, म्हणजे आठवडाभरातच, बऱ्याचशा माश्या घेऊन ती निघून जाते, यालाच पेटी फुटणं म्हणतात. त्यामुळे "महिन्याभराने बघू" चालत नाही, आणि नेमके हेच दिवस आपल्या प्रॅक्टिकल आणि इंटर्नलचे. या काळात दर आठवड्याला एकदा, रविवारी सकाळी ऊन चढल्यावर, 15-20 मिनिटं तरी काढायलाच हवीत. राणीघरं दिसली तर नुसती खुडून टाकू नका, जागा तशीच राहिली तर माश्या परत बांधतात, वर मधकोठी (मध साठवायचा वरचा मजला) चढवा नाहीतर वसाहतीचे दोन भाग करा. आणि एकट्याने पेटी घेऊच नका, वेगळ्या कोर्सचा जोडीदार बघा म्हणजे दोघांचे पेपर एकाच आठवड्यात येत नाहीत, शिवाय गावी जाताना पेटी वाऱ्यावर सोडावी लागत नाही.

चुकीची माशी

आपल्यासाठी सातेरी, म्हणजे पेटीत राहणारी आपली देशी माशी. मेलीफेरा ही परदेशी माशी मध जास्त देते खरी, पण तिला भरपूर फुलोरा लागतो, फुलं संपली की पेट्या घेऊन दुसरीकडे जावं लागतं, हे विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नाही. टॉवरच्या छज्जाला लटकलेलं मोठं पोळं आग्याचं असतं, ती उघड्यावर एकच पोळं बांधते आणि पेटीत राहत नाही, तिच्या जवळपासही जाऊ नका. येऊरच्या जंगलातून पोळं आणायचा विचारही नको, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून असं काही आणणं हा गुन्हा आहे.

जागा

सोसायटीची लेखी परवानगी आधी, पेटी नंतर. शेजारी कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर त्या गच्चीचा विचार सोडून द्या. गच्चीवर थेट दुपारचं ऊन नको, सकाळचं कोवळं चालेल, आणि पेटीचं दार येण्याजाण्याच्या वाटेकडे किंवा रात्रभर चालू असलेल्या ट्यूबलाइटकडे नको, माश्या उजेडाकडे जातात आणि सकाळी खाली मरून पडलेल्या दिसतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांवर यासारखा उपाय नाही, फक्त डास होऊ नयेत म्हणून ते पाणी बदलत राहा. डासांसाठी धूरफवारणी कधी होते हे सोसायटीच्या ऑफिसमध्ये विचारून ठेवा, त्या संध्याकाळी माश्या परतल्यावर दार जाळीने बंद करून पेटीवर ओलं गोणपाट टाका आणि धूर विरला की लगेच काढा.

सारखं उघडून बघणं

उत्सुकता असते, कळतं. पण सातेरी त्रास झाला की पेटी सोडून जाते. दार बाहेरून बघूनही खूप कळतं, पायांवर पराग घेऊन येणाऱ्या माश्या दिसल्या तर बहुतेक आत पिल्लं आहेत आणि काम चालू आहे.

पाक देताना

पावसाळ्यात साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक द्या. गूळ नको, माश्यांचं पोट बिघडतं. संध्याकाळीच द्या आणि पेटीच्या आतच, दिवसा सांडलेल्या पाकावर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या येतात आणि लुटालूट सुरू होते, कमजोर पेटी त्यात संपते. आपल्या दमट हवेत पाक लवकर आंबतो, थोडाथोडाच करा.

पेटी ओस पडली, नेमकं काय झालं?

हे ओळखता आलं नाही तर पुढची पेटीही तशीच जाते. निम्म्या माश्या शिल्लक आणि राणीघरं दिसतायत, तर पेटी फुटली. पोळी कोरडी, मध नाही, पिल्लं नाहीत, एकही माशी नाही, तर उपासमारीने किंवा त्रासाने सोडून गेल्या. पोळ्यात जाळी आणि काळी लेंडी असेल तर मेणकिडा, पण तो बहुधा वसाहत आधीच कमजोर झाल्यावर शिरतो, म्हणून माश्यांनी न झाकलेली फालतू पोळी काढून टाका आणि तळफळी (पेटीच्या तळाची फळी) साफ ठेवा, काढलेली चांगली पोळी दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवली तर किडा मरतो. अळ्या पोळ्यातल्या घरातच मरून डोकं वर करून पडल्यात, चिमट्याने उचलल्यावर पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या येतात, तर तो थाई सॅकब्रूड. हा विषाणू आहे, यावर औषध नाही, कुणी अँटिबायोटिक सुचवलं तरी घालू नका. त्या पेटीच्या फ्रेम (ज्यात पोळं असतं त्या चौकटी) दुसऱ्या पेटीत कधीच टाकू नका आणि हत्यारं धुतल्याशिवाय दुसरी पेटी उघडू नका.

डंख

लोकलमधून घामाघूम येऊन थेट पेटी उघडू नका, परफ्यूम नको, काळे कपडे नको, आणि केळं खाऊन जाऊ नका, डंखातून सुटणाऱ्या धोक्याच्या वासात केळ्याच्या वासाचंच द्रव्य असतं. काटा नखाने लगेच खरवडून काढा. श्वास लागला, ओठ-घसा सुजला, चक्कर आली तर वाट न बघता हॉस्पिटल.

मध काढायची घाई

फ्रेमवरची निदान तीनचतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नका, कच्च्या मधात पाणी जास्त असतं, तो आंबतो, 20 टक्क्यांच्या वर पाणी असलेला मध नियमातही बसत नाही. पोळं पिळू नका, मध फक्त मधकोठीतला काढा, तोही मधयंत्रात फिरवून, म्हणजे पोळं परत वापरता येतं. पिल्लांच्या कोठीतला मध माश्यांचा, तो पावसाळ्यासाठी तसाच राहू द्या.