हृदयाचा आजार घराण्यात असेल तर या चुका टाळा

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा, अजून येतो. पूर्वी बैलावरून यायचा, आता मोटरसायकलवरून. वही उघडली की खापरपणजोबापर्यंतची नावं घडाघडा वाचतो. मागच्या खेपेला मी त्याला विचारलं, आमच्यात चाळिशीच्या आत कोण कोण गेलं? त्यानं तीन नावं काढली, तिन्ही बाप्यांची. गडहिंग्लजला दिलेली माझी आत्ती एकतिसाव्या वर्षी पाण्याची घागर उचलताना कोसळली आणि गेली. तिचं नाव वहीत नव्हतंच. लेकींची नावं लिहायची रीत नाही म्हणाला.

पहिली चूक हीच, लेकींना वगळण्याची, आणि सगळ्यात महागाची. मी ज्या आजाराबद्दल बोलतोय तो ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी’, म्हणजे हृदयाच्या स्नायूची भिंत बीपीसारखं दुसरं कारण नसताना जाड होणं. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो. दोष सापडतो तेव्हा बहुतेकदा तो एमवायबीपीसी-३ किंवा एमवायएच-७ या जनुकांत असतो. पहिलं ११ व्या गुणसूत्रावर, दुसरं १४ व्या. ही गुणसूत्रं बाई-पुरुष ठरवणारी नव्हेत, त्यामुळे दोष लेकीकडे जितका जातो तितकाच लेकाकडे. आडनाव बदललं, सीमा ओलांडून चंदगड-आजऱ्याला नांदायला गेली, तरी जनुक तिच्याबरोबरच गेलं. म्हणून वंशावळ काढायला बसाल तेव्हा आत्या, बहिणी, त्यांची पोरं, सगळी कागदावर घ्या. आईच्या माहेरचीही.

याच हिशोबातली आणखी एक गफलत: “थोरल्याला निघालंय, म्हणजे धाकटा सुटला.” तसं नसतं. आई किंवा बापात दोष असेल तर प्रत्येक पोराला तो मिळण्याची शक्यता निम्मी, आणि दर वेळी नाणं नव्यानं उडतं. चारही पोरांना मिळू शकतो, एकालाही न मिळणंही शक्य आहे.

“आमच्यात नात्यात लग्नं नाहीत, मग आनुवंशिक कसं?” हेही नेहमी ऐकू येतं. या आजाराला बहुतेक घरांत एकाच बाजूचं दोषी जनुक पुरतं, दोन्हीकडून यावं लागत नाही. मामाची मुलगी करण्याचा धोका वेगळा आहे. दोघांतही तोच दोष असेल तर पोराला दोन्ही बाजूंनी मिळू शकतो, आणि तेव्हा आजार अगदी तान्हेपणीच उग्र होतो.

आता कागदांबद्दल. माझा चुलतभाऊ चोविसाव्या वर्षी तालमीत जोर मारता मारता गेला. मृत्यूचा दाखला कन्नडमध्ये. तात्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून तो ट्रंकेतच राहिला. पुढं कितीतरी वर्षांनी भाचीनं वाचून दाखवला: ‘हृदयाघात’. मग सगळे म्हणायला मोकळे, अटॅक आला, तूप फार खायचा. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते. या आजारात बहुधा ठोक्यांची लय अचानक बिघडते आणि तरणा गडी कोसळतो. तेव्हा दाखल्यावरच्या एका शब्दावर थांबू नका. काय करताना पडला? आधी कधी पळताना, खेळताना चक्कर येऊन पडला होता का? जुना ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), शवविच्छेदनाचा कागद कुठं आहे का? श्रम करताना शुद्ध हरपणं ‘उन्हानं झालं’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे. तपासणी होईपर्यंत मैदान आणि आखाडा बंद.

जेनेटिक टेस्ट करताना लोक उलट्या टोकानं सुरुवात करतात. पोराचं लग्न ठरतंय, म्हणून आधी पोराची. ती निर्दोष आली की पेढे. पण घरातल्या रोग्यात नेमका कुठला बदल आहे हेच ठाऊक नसेल, तर त्या निकालाला फारसा अर्थ नाही. आधी ज्याला आजार आहे त्याची टेस्ट. त्याच्यातही अनेकदा दोष सापडत नाही, म्हणून आजार खोटा ठरत नाही. सापडलाच, तर बाकीच्यांची तेवढ्या एका बदलापुरती तपासणी होते, आणि ज्याच्यात तो नाही त्याची दर काही वर्षांच्या इकोतून सुटका होते. ज्याच्यात आहे त्याला आजार होईलच असंही नाही, पण त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल तर त्यावरून स्थळ मोडू नका की पोराला रोगी ठरवू नका.

आपल्याकडच्या अहवालांत आणखी एक गोष्ट दिसू शकते: एमवायबीपीसी-३ मधला डीएनएच्या २५ अक्षरांचा गाळलेला तुकडा. भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत तो असतो, आणि २००९ च्या संशोधनानं त्याचा हृदयविकाराशी संबंध दाखवल्यावर बरीच खळबळ झाली. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की धोका बऱ्याच अंशी काहींमध्ये त्याच्या जोडीनं असणाऱ्या दुसऱ्या बदलाचा आहे. तेवढ्या एका ओळीनं झोप उडवून घेऊ नका, हृदयरोगतज्ज्ञाला जोडीचा बदल आहे का ते विचारा.

इको एकदा नॉर्मल आला की फाईल बंद करणं ही माझ्या घरातली चूक. भिंत बऱ्याचदा वयात येताना जाड व्हायला लागते. म्हणून पोरांचा ईसीजी आणि इको दर एक-दोन वर्षांनी, मोठ्यांचा तीन ते पाच वर्षांनी. आणि तपासणाऱ्याला घरातली मरणं आधी सांगायची. एरवी मोठ्या माणसात १५ मिलिमीटर जाडी झाली की निदान होतं, जवळच्या नात्यात रोगी असेल तर १३ लाही पुरेसं मानतात. माझ्या भावाचे १३ आले होते. आम्ही काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. ‘बीपीमुळे असेल’ म्हणून घरी पाठवलं. बीपी ११८-७६ होतं.

मी माझा वेगळा तक्ता केला, पुठ्ठ्यावर. आत्तीचं नाव घातल्यावर तिच्या लेकीला गडहिंग्लजला फोन लावला. ती अडतीस वर्षांची, जिना चढताना धाप लागते ती रक्त कमी आहे म्हणून असं समजत होती. इकोत १७ आले. तिच्या दोन्ही पोरांची तपासणी येत्या गुरुवारी आहे. धाकटा कबड्डी खेळतो, तो तिच्याशी बोलत नाहीये.