जुन्या अमेरिकी कायद्यातली समानता कशी तपासावी

वसाहतकाळातला कायदा हाती आला की मी समानतेचं कलम वाचून थांबत नाही, थेट शिक्षांकडे वळते. तुम्हीही तसंच करा. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या १६४१च्या कायदेसंहितेचं, ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’चं, दुसरं कलम रहिवासी असो वा परका, सर्वांना एकच न्याय देतं. आता त्रेचाळिसावं काढा: फटके चाळीसच्या वर नाहीत, आणि गुन्हा फारच लाजिरवाणा व वर्तन भ्रष्ट असल्याशिवाय खऱ्या ‘जंटलमन’ला, म्हणजे वरच्या दर्जाच्या माणसाला, फटके मारायचेच नाहीत. पाठ कोणाची वाचते, हे तिथंच कळतं.

मग एकच गुन्हा केलेले दोन आरोपी शोधा. व्हर्जिनियातला जुलै १६४०चा निकाल मी सगळ्यांना आधी वाचायला लावते. तीन नोकर मालकाकडून पळाले आणि मेरीलँडमध्ये सापडले. फटके तिघांनाही तीस. व्हिक्टर हा डच आणि जेम्स ग्रेगरी हा स्कॉटिश; त्यांची चाकरी चार वर्षांनी वाढली. तिसरा, जॉन पंच, काळा होता. त्याला जन्मभराची चाकरी. निकालपत्रात या फरकाचं कारण दिलेलं नाही. नोंद आहे ती फक्त त्याच्या वर्णाची. ते वाचताना मला अजूनही संताप येतो.

साक्ष कोणाची चालत होती, हे विसरू नका. व्हर्जिनियाच्या १७३२च्या कायद्यानं काळ्या, मिश्रवर्णीय आणि मूलनिवासी माणसांना साक्षीला उभं राहायची बंदी केली. अपवाद फक्त गुलामावरच्या देहदंडाच्या खटल्यांचा. म्हणजे गोऱ्यानं केलेला खून केवळ काळ्या माणसांनी पाहिला असेल, तर न्यायालयापुढे साक्षीदारच नाही. न्यायालय कोणतं, तेही पाहा: गुलामांवरचे असे खटले तिथं १६९२पासून ज्युरीविना चालत.

उलट जाणारी नोंद मिळाली तर ती दडपू नका. प्लिमथमध्ये १६३८ साली एका मूलनिवासी माणसाच्या खुनाबद्दल आर्थर पीच आणि आणखी दोघा गोऱ्यांना फाशी झाली. मात्र त्या वेळी वसाहतीला युद्धाची धास्ती होती, हेही शेजारी लिहा.

शेवटी तारीख. १७९१चं ‘बिल ऑफ राइट्स’, म्हणजे अमेरिकी संविधानातली हक्कांची सनद, राज्यांना बांधत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं १८३३मध्ये तसं स्पष्टच सांगितलं. राज्यांवर कायद्याच्या समान संरक्षणाचं बंधन आलं ते १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीनं. त्याआधीचा राज्यातला खटला असेल, तर त्या राज्याचं संविधान आणि फौजदारी कायदे उघडा.