बाळाची प्लास्टिकची बाटली: उकळतं पाणी थेट ओतू नका

मी चोपडा-यावल पट्ट्यात आरोग्यसेविका आहे. कापूस वेचणी सुरू झाली की आई शेतात, बाळ आजीकडे, अन् आजीच्या हातात दुधाची बाटली, असं घरोघरी दिसतं. त्या आजींसाठी अन् आयांसाठी हे लिहिते आहे.

आधी बाटली उलटी करून बूड बघा. त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन: दुधाळ, दाबली तर जराशी दबते. ७ असेल आणि बाटली काचेसारखी लख्ख, कडक असेल, तर ती पॉलिकार्बोनेटची असू शकते. या प्लास्टिकमधून बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, दुधात उतरतं. ते शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं, म्हणून युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळाच्या बाटल्यांत त्यावर बंदी घातली. मात्र ७ म्हणजे ‘इतर’ प्लास्टिक. पीपीएसयू नावाच्या प्लास्टिकच्या, मधाच्या रंगाच्या बाटलीवरही हाच आकडा असतो आणि तिच्यात बीपीए नसतं. त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आयएसआयचा शिक्का आणि आयएस १४६२५ हा बाळाच्या प्लास्टिक बाटल्यांच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघून घ्या. आठवडे बाजारात ढिगातून उचललेल्या, काहीच न छापलेल्या बाटलीत दूध भरू नका. “बाटली ते नवीच शे, ताई,” असं मला सांगतात. नवी असली तरी कशाची आहे ते कळायला नको का?

आता ५ नंबरची बाटली. तिच्यात बीपीए नसतं, पण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये तपासलं, तर गरम पाणी घालून हलवल्यावर या बाटल्यांतून प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटत होते, लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. बाळ त्याने लगेच आजारी पडेल असं नाही, पण जे टाळता येतं ते बाळाच्या पोटात का जाऊ द्यायचं?

म्हणून पावडरचं दूध स्टीलच्या भांड्यात करा. पाणी खळखळ उकळा आणि उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच पावडर घाला. पावडरमध्ये जंतू असू शकतात, ते मारायला पाणी निदान ७० अंश लागतं. कोमट पाण्यात कालवून भागत नाही. डब्यावर लिहिलंय तेवढंच माप घ्या, पुरवून पुरवून पातळ करू नका. मग भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा, आणि कोमट झाल्यावरच दूध बाटलीत ओता. बाटलीत दूध घालून ती गॅसवरच्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका.

बाटली उकळावी तर लागतेच, जंतूंचा धोका प्लास्टिकपेक्षा मोठा. पातेल्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा, निवू द्या, मग उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा खळाळून ते पाणी फेका. तारेच्या घासणीने घासू नका. आतून चरे पडले, पांढुरकी झाली, तडा गेला की बाटली बदला.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्यावर वाळत घातलेली बाटली हाताला चटका देते. तिला घरात, फडक्यावर, सावलीत वाळवा. भरलेली बाटली मोटारसायकलच्या डिकीत टाकून लग्नाला नेऊ नका. त्या गरमीत दूधही नासतं.

खरं सांगू, मला विचाराल तर बाटलीच नको. पहिले सहा महिने आईचं दूध. आई शेतात जाणार असेल, तर हाताने काढलेलं दूध स्टीलच्या झाकणाच्या वाटीत ठेवा आणि आजीने चमच्याने पाजावं. बाळाला मांडीवर जरा उभं धरा, चमचा खालच्या ओठाला टेकवा, ते स्वतः जीभ पुढे करून दूध घेतं. घशात ओतू नका. पहिले दोन-तीन दिवस थोडं सांडेल, वेळ लागेल. सकाळी आई घरी असतानाच आजीला सवय करून द्या.