पिगीबॅक बॉक्स घेण्याआधी

कन्नड घाटात गाडी दम टाकते म्हणून पिगीबॅक (ताकद वाढवायला लावतात तो इलेक्ट्रॉनिक बॉक्स) बसवायचा विचार असेल, तर आधी गाडी टर्बोची (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) आहे का ते बघा. साध्या पेट्रोल इंजिनात पैसे वायाच. हा बॉक्स सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) यांच्या मध्ये बसून ईसीयूला खोटं रीडिंग देतो. पण रोजच्या चालवण्यात ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून हवा-पेट्रोलचं मिश्रण पुन्हा १४.७ ला १ वर आणतो, म्हणजे बॉक्सचं केलेलं पुसून टाकतो. फरक पडलाच तर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर, तोही थोडाच.

टर्बो डिझेलमध्ये मात्र ताकद खरंच जाणवते. किंमत क्लच आणि टर्बो मोजतात, त्यात जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन! बॉक्स काढून गाडी मूळ स्थितीत आणता येते, हा एक फायदा; वॉरंटीवाले तरी हरकत घेऊ शकतात. ट्यूनिंग करायचंच असेल तर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून केलेला रीमॅप, म्हणजे ईसीयूच्या प्रोग्रॅममधलाच बदल, बरा. त्याआधी एअर फिल्टर उघडून बघा, आपल्याकडच्या धुळीनं तो बहुतेक चोंदलेला सापडेल.